गोठ्यावर येऊन गुरांना रेबीजची लस देणारे डॉक्टर: आमचा वर्षभराचा अनुभव, ओवळा, घोडबंदर रोड, ठाणे

आधी थोडक्यात सांगते. सेवा चांगली आहे, 5 पैकी साडेचार स्टार देते, अर्धा कापलाय तो वेळेसाठी आणि कागदपत्रांसाठी, ते खाली लिहिलंय. पण नुसते स्टार देऊन उपयोग नाही, कारण आमच्याकडे बहुतेकांचा मूळ प्रश्नच हा असतो की गुरांना कुठे रेबीजची लस देतात का, ती तर कुत्र्यांना देतात ना. मागच्या श्रावणापर्यंत आमच्या घरातही हेच बोलणं होतं. म्हणून सगळं पहिल्यापासून लिहितेय, लांब होईल, पण ज्याच्या दावणीला दोन जनावरं आहेत त्याने पूर्ण वाचा.

आमचा गोठा ओवळ्याला गावाच्या टोकाला आहे, पुढे टॉवर आणि मेट्रोचं काम, मागे येऊरचं जंगल. सात म्हशी, तीन गाई, वासरं रेडकं धरून पंधरा जनावरं आणि पाच शेळ्या. मागच्या श्रावणापर्यंत गाई चार होत्या. दूध जवळच्याच सोसायट्यांमध्ये जातं, तेव्हा 38 घरं होती. गाई आणि कालवडी दिवसा मागच्या माळावर सुटतात, म्हशी शेडमध्येच असतात, आणि शेडला मागच्या बाजूने नुसता पत्रा अर्धा लावलेला होता, म्हणजे रात्री कुत्री आरपार जायची यायची. रस्त्याच्या कडेला चिकनवाले पिसं आणि कोथळा टाकतात त्यामुळे कुत्र्यांची कमी नाही.

आषाढात एक दिवस पहाटे कुत्र्यांचा गोंधळ झाला, मिस्टर बॅटरी घेऊन गेले तर एक अनोळखी तपकिरी कुत्रं चांदीच्या म्हणजे आमच्या दीड वर्षाच्या कालवडीच्या कानाला लोंबकळत होतं. काठी मारली तरी सोडेना, दुसरी मारली तेव्हा सुटलं आणि पळालंही नाही, वाकडं वाकडं चालत निघून गेलं. चार दिवसांनी नाल्याजवळ मेलेलं सापडलं. आता हे लिहिताना माझंच मला कळत नाही की आम्ही त्यावरून काही समजलो कसं नाही. चांदीच्या कानाला हळद भरली, एका ओळखीच्या औषधवाल्याने धनुर्वाताचं आणि अँटिबायोटिकचं इंजेक्शन टोचून दिलं, कान भरून आला, विषय संपला. बाकीच्या जनावरांना बघितलंच नाही. शेजारच्या काकी बोलल्या उतारा काढा आणि रुईचा चीक लावा, तो लावला नाही एवढंच.

मग श्रावणातला दुसरा आठवडा. गौरी आमची गीर गाय, तिसऱ्या वेताची, सकाळ संध्याकाळ मिळून अकरा लिटर देणारी. शुक्रवारी दूध एकदम निम्म्यावर आलं. शनिवारी वैरणीला तोंड लावलं पण घास तोंडातच धरून उभी राहिली, चावलाच नाही. दुपारी लाळ सुरू झाली, नेहमीचा फेस नाही, दोरीसारखी, तोंडापासून गव्हाणीपर्यंत न तुटता लोंबणारी. आणि आवाज. तिचा हंबरण्याचा आवाज सगळ्या आळीला माहीत होता, तो बसला, फाटक्या भोंग्यासारखा घोगरा झाला आणि ती थांबेचना, मान लांब करून पुन्हा पुन्हा हंबरत राहिली. शेपटी उचलून कुंथत होती पण शेण पडत नव्हतं.

आम्हाला सगळ्यांना वाटलं घशात काहीतरी अडकलंय. पावसाळ्यात मक्याची कणसं असतात, प्लास्टिकची पिशवी असते, तसं आधी एकदा झालं होतं. आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, पन्नास वर्षं गुरं सांभाळलीत, त्यांनी बाही वर केली, मिस्टरांनी जबडा धरला आणि आबांनी कोपरापर्यंत हात घशात घातला. काहीच सापडलं नाही. त्यांच्या अंगठ्याला दोन दिवसांपूर्वी विळ्याने कापलेलं होतं. हात बाहेर काढला, लाळेने भरलेला, पायजम्याला पुसला आणि बोलले, काय नाय अडकलं, लाळ्या असेल.

हे मी मुद्दाम इतकं लिहितेय कारण हीच चूक सगळीकडे होते असं नंतर डॉक्टरांनी सांगितलं. गाईम्हशीत रेबीज नेहमी चवताळून अंगावर येत नाही, बऱ्याचदा मुका येतो. घशाचे स्नायू लुळे पडतात, गिळता येत नाही म्हणून लाळ बाहेर गळते, आणि बघणाऱ्याला वाटतं काहीतरी अडकलंय, मग कोणीतरी मायेने हात घालतो. लाळ्या-खुरकूत असेल तर जिभेवर हिरड्यांवर फोड दिसतात, खुरांच्या बेचक्यात जखमा असतात, जनावर मचमच करतं, ताप असतो. आवाज फाटत नाही. आवाज बदलला, गिळणं बंद झालं आणि मागचा भाग लटपटायला लागला तर तोंडात हात घालू नका, लांब उभे राहा आणि डॉक्टरला बोलवा.

त्या संध्याकाळी तीन ठिकाणी फोन केले. शनिवार होता, कोणी उचलला नाही किंवा उद्या बघू बोलले. एका म्हशीवाल्याकडून या डॉक्टरांचा नंबर मिळाला, प्रायव्हेट प्रॅक्टिस करतात, कल्याणकडून येतात. फोनवर मी लाळ आणि आवाज सांगितला तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, तोंडात कोणी हात घातलाय का. गाईचं नंतर विचारलं. मी हो बोलले. ते बोलले, ताई आत्ता फोन ठेवा, आबांचा हात साबण लावून वाहत्या नळाखाली घड्याळ लावून पंधरा मिनिटं धुवा, हळद चुना काही लावू नका, जखम बांधू नका, आणि आज रात्रीच दवाखान्यात न्या, मी निघतोय. हा एक फोन मला जन्मभर आठवेल.

रात्री साडेनऊला आले. हातात दोन हातमोजे, तोंडाला मास्क, चष्मा. दावणीपासून लांबूनच बराच वेळ बघितलं, बॅटरीने मागचे पाय बघितले. डाव्या मागच्या पायावर खुराच्या वर वाळलेली खपली होती, दोन दातांची. आम्हाला माहीतच नव्हतं. त्यांनी आबांना समोर बसवून सरळ सांगितलं की लक्षणं रेबीजची आहेत, पक्कं करायचं तर मेल्यावर मेंदूचा नमुना तपासावा लागतो, जिवंतपणी गोठ्यावर तसा भरवशाचा तपास नाही, आणि लक्षणं दिसल्यावर यावर औषध नाही, माणसालाही नाही आणि जनावरालाही नाही. उगाच सलाईन लावून पैसे घेतले नाहीत. बाकीची जनावरं लांब हलवायला लावली, गौरीला जाड कासऱ्याने वेगळं बांधलं, तिची बादली, खराटा वेगळा.

मंगळवारी पहाटे गेली. डोकं कापून नमुना द्यायला आबा तयार झाले नाहीत, डॉक्टरांनी जबरदस्ती केली नाही, फक्त बोलले की मग आपण रेबीज समजूनच सगळं करायचं. कातडीवाला आला होता, त्याला परत पाठवला. शेजारच्या साइटवरचा जेसीबी आणून खोल खड्डा केला, चुना टाकला, तिला पुरलं.

आता दुधाचं. हे सगळ्यात कठीण गेलं. गौरीचं दूध एकाच कॅनमध्ये बाकीच्यांच्यात जायचं. विषाणू जनावराच्या लाळेत लक्षणं दिसायच्या काही दिवस आधीपासून असू शकतो, दुधाचा धोका फार कमी समजतात, आणि दूध उकळलं की विषाणू टिकत नाही, हे डॉक्टरांनी समजावलं. मिस्टर बोलले, उकळूनच पितात सगळे, कशाला गावभर करायचं, धंदा बसेल. मी आणि आबा नाही बोललो. श्रावण होता आणि त्यात सोमवार होऊन गेला होता. माझ्या डोक्यात एकदम आलं की सोमवारी पिंडीवर अभिषेकाला कच्चं दूध लागतं, पंचामृतात कच्चं दूध असतं आणि तीर्थ म्हणून घरातली लहान पोरंही पितात.

म्हणून 38 घरी फोन केले, रविवारपासूनच सुरुवात केली होती. एकेका घरी तेच सांगायचं, आमच्या एका गाईला रेबीजची लक्षणं आहेत, उकळलेलं दूध प्यायला असाल तर घाबरू नका, कच्चं कोणी प्यायलं असेल तर दवाखान्यात दाखवा. काहींनी ऐकून घेतलं, एका ताईंनी इतकं सुनावलं की मी फोन ठेवून न्हाणीघरात जाऊन रडले. दोन घरांत पंचामृत झालं होतं, ते महापालिकेच्या दवाखान्यात गेले, तिथल्या डॉक्टरांनी बघून त्यांना इंजेक्शनं सुरू केली. सात घरं तुटली. त्यातली चार दिवाळीनंतर परत आली, आणि त्यातली एक त्याच ताई, त्या बोलल्या तुम्ही सांगितलंत म्हणून परत आले.

आबांना लस आणि जखमेत सीरम (तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन), दोन्ही लागलं, कारण उघड्या जखमेला लाळ लागली होती. पहिल्या दवाखान्यात लस होती पण सीरम नव्हतं, दुसरीकडे जावं लागलं, रात्री दीड वाजला. मिस्टरांनाही लस, त्यांच्या हातावर ओरखडे होते. माझा आणि मुलीचा गौरीने नुसता हात चाटलेला, कातडी धड होती, धुऊन टाकलं, डॉक्टर बोलले गरज नाही. तरी मी महिनाभर मुलीकडे बघत बसायचे, पाणी पितेय का नीट.

आता सेवेकडे येते. चांदीचं काय करायचं हा प्रश्न होता, तिला त्याच कुत्र्याने चावून सहा आठवडे झाले होते. आमच्या त्या ओळखीच्या औषधवाल्याने रविवारीच येऊन मी देतो ना लस, बोलून पहिला डोस टोचला होता. बाटली कॅरीबॅगेतून काढली, बर्फ नाही, काही नाही, दुपारी दोनची वेळ, बाटली हाताला कोमट लागत होती. मी डॉक्टरांना हे सांगितलं तर त्यांनी तो डोस धरलाच नाही. ही लस 2 ते 8 डिग्रीतच ठेवावी लागते, फ्रीजमधून निघाल्यापासून जनावराच्या अंगात जाईपर्यंत. ती गोठलेलीही चालत नाही, म्हणून बर्फाला थेट चिकटवून ठेवायची नसते. स्वतः ते निळा आइसबॉक्स घेऊन येतात, आत थर्मामीटर असतो, पहिल्या दिवशी त्यांनी झाकण उघडून मला दाखवला, 5 होता. बाटलीवरची एक्स्पायरी मला वाचायला लावली. पुढे प्रत्येक वेळी मी स्वतःच बघते आणि त्यांना त्याचा राग येत नाही, उलट आवडतं.

चांदीला 0, 3, 7, 14 आणि 28 व्या दिवशी असे पाच डोस पडले. पहिल्याच दिवशी त्यांनी साफ सांगितलं होतं की हे चावल्या चावल्या व्हायला हवं होतं, आता उशीर झालाय, मी खात्री देणार नाही, पण देऊ. विषाणू रक्तातून पळत नाही, चावलेल्या जागेपासून नसेनसेने मेंदूकडे सरकत जातो, त्याला गाईत काही आठवडे, कधी काही महिने लागतात, लशीने त्याच्या आधी पोहोचायचं असतं. कान डोक्याच्या जवळ म्हणून चांदीची भीती जास्त होती. सहा महिने तिला वेगळं बांधलं, रोज सकाळी गिळतेय का ते बघायचं. गौरीची वासरी तेव्हा चार महिन्यांची होती, आईला चाटलेली, आईचं दूध प्यायलेली, तिलाही तेच पाच डोस आणि तीच वेगळी दावण. दोघी आज आहेत. लशीने वाचल्या की मुळात लागणच झाली नव्हती हे कोणीच सांगू शकत नाही, डॉक्टरही तसा दावा करत नाहीत, आणि मला त्यांच्यातलं हेच पटलं.

मग बाकीच्यांना वार्षिक लस द्यायची का, हा खरा निर्णय. मिस्टर बोलत होते की म्हशी शेडमध्ये बांधलेल्या, त्यांना कशाला. भाऊजी बोलले सरकारी डॉक्टर येतात ना लस द्यायला, ती फुकट असते. तर बाबांनो, सरकारी मोहिमेत लाळ्या-खुरकूतची लस होते, लहान मादी वासरांना ब्रुसेलाची म्हणजे गाभ जाण्याच्या रोगाची होते, आपल्याकडे घटसर्प फऱ्याची होते, कानात बारा आकडी पिवळा बिल्ला लागतो त्यावर नोंद होते. रेबीज त्या मोहिमेत नाही. बिल्ला लागला म्हणजे सगळ्या लसी झाल्या असं नसतं, आमचा हाच गैरसमज होता.

डॉक्टरांनी लगेच सगळ्यांना टोचून घ्या असं म्हटलं नाही. दुधाच्या कॅनवर बसले, चहा घेतला आणि विचारत गेले. रात्री शेडमध्ये कुत्री येतात का, किती येतात, ओळखीची की फिरती. माळावर कोण सुटतं. वासरं कुठे बांधता. धार कोण काढतं. जंगलाच्या बाजूला कोल्हा, मुंगूस दिसतं का. मग बोलले, पहिला नंबर माळावर सुटणाऱ्या गाई, कालवडी, शेळ्या, दुसरा नंबर वासरं कारण ती कुत्र्याला हुसकावू शकत नाहीत, आणि म्हशींचं असं की मागचा पत्रा पूर्ण लावलात, रात्री कुत्रं शिरणारच नाही असं केलंत, तर त्यांना थांबलं तरी चालेल, पण आत्ता जसा गोठा आहे तसा असेल तर त्यांनाही द्या. ज्याच्याकडे चारी बाजूंनी बंद शेड आहे आणि आसपास कुत्री लसवलेली आहेत त्याला कदाचित एवढी गरज नसेल असंही ते बोलले, स्वतःचं गिऱ्हाईक कमी करणारं बोलणारा माणूस मी कमी बघितलाय.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली जी आमच्या डोक्यातच आली नव्हती. आमच्या गोठ्यावर कायम असणारी चार कुत्री आहेत, काळू आणि बाकीची, आमचंच शिळंपाकं खातात. सगळ्यात आधी त्यांना लस द्या बोलले. आपल्याकडे माणसाला आणि गुराला रेबीज येतो तो जवळपास सगळा कुत्र्यामार्फत येतो, गोठ्यावरची कुत्री लसवलेली असली की ती भिंतीसारखी उभी राहतात, बाहेरचं पिसाळलेलं कुत्रं पहिलं त्यांच्याशीच भिडतं. काळू अनोळखी माणसाला जवळ येऊ देत नाही, तर आबांनी त्याला मांडीत धरून चपाती भरवली आणि डॉक्टरांनी मागून टोचलं, त्याला कळलंसुद्धा नाही.

पैशांचं सांगते कारण सगळे तेच विचारतात. येण्याचे 500 आणि डोसमागे 200. आमची वीस जनावरं आणि चार कुत्री मिळून 5300 झाले. पाच डोसांच्या वेळी प्रत्येक फेरीला 500 वेगळे पडले, ते जड गेलं. पण गौरी आज विकली असती तर सत्तर हजार कुठे गेले नसते, दोन आठवडे दूध ओतून दिलं ते वेगळं, दवाखान्याच्या फेऱ्या वेगळ्या. आणि आबा. आबांचा हिशेब करताच येत नाही.

लस देतानाचं. मान्सून उतरल्यावर आधी जंताचं औषध दिलं, पंधरा दिवस थांबलो. लाळ्या-खुरकूतची लस नुकतीच झाली होती म्हणून तिच्यात आणि यात तीन आठवड्यांचं अंतर त्यांनी ठेवलं. संध्याकाळी धार काढून झाल्यावर, ऊन गेल्यावर टोचतात. प्रत्येक जनावराला नवी सुई, वापरलेल्या सुया ते जाड डब्यात घालून परत घेऊन जातात, गोठ्यात एकही पडली नाही. डोस सगळ्यांना सारखाच 1 मिलि, म्हशीलाही तेवढाच आणि शेळीलाही तेवढाच, हे बघून आबा आधी बोलले एवढीशी लस एवढ्या मोठ्या म्हशीला काय पुरणार, तर ते बोलले औषध वजनावर असतं, लस तशी नसते, ती अंगाला फक्त ओळख करून देते. आमच्या दोन म्हशी गाभण होत्या, त्यातली एक सातव्या महिन्यात. लस मेलेल्या विषाणूची असते त्यामुळे गाभणीला चालते, पण धडपड होऊ द्यायची नाही, म्हणून त्या दोघींना सगळ्यात शेवटी, शांतपणे, आंबोण खाताना टोचलं. दोघी नीट व्यायल्या. तीन महिन्यांच्या आतल्या रेडकाला त्यांनी दिली नाही, तीन महिने भरल्यावर सांगा बोलले.

त्रास काय झाला तेही लिहिते. एका गाईच्या मानेला लिंबाएवढी गाठ आली, सहा दिवसांत बसली, शेक द्यायची पण गरज पडली नाही. दोन म्हशींचं दूध दुसऱ्या दिवशी अर्धा अर्धा लिटर कमी आलं, तिसऱ्या दिवशी पूर्ववत. दूध फेकावं लागत नाही, मी दोनदा विचारून घेतलं. बाकी काही नाही.

आता तक्रारी. एक, वेळ. पाच वाजता सांगतात आणि आठला येतात. गायमुखला घाटात ट्रेलर बंद पडला की सगळा घोडबंदर अडकतो हे मला माहितीय, पण फोन करून कळवावं, जनावरं धार काढून बांधून ठेवलेली असतात, पोरं धरायला बोलावलेली असतात, तीन तासांत सगळे वैतागतात. सातव्या दिवसाचा डोस एकदा रात्री दहाला पडला. तारीख चुकवली नाही पण, एकदाही नाही. दोन, कागद. हाताने लिहिलेलं कार्ड देतात, त्यावर बिल्ल्याचा नंबर मीच आग्रह करून लिहून घेतला, नाहीतर नुसतं काळी म्हैस, पांढरी म्हैस असं लिहिलेलं. बाटलीवरचं बॅच नंबरचं स्टिकर कार्डावर लावा असंही मी सांगितलं, आता लावतात. जनावर विकताना किंवा विम्याला असा कागद लागतो. तीन, आठवण. वर्ष झालं की फोन किंवा मेसेज येत नाही, आपणच लक्षात ठेवायचं. मी कॅलेंडरवर कोजागिरीच्या चौकटीत लाल पेनाने लिहून ठेवलं होतं म्हणून यंदा चुकलं नाही. आणि आमचीच एक चूक, गोठ्यात खोडा, म्हणजे जनावर अडकवून उभं करायची चौकट, नव्हता, दावणीला धरून टोचावं लागलं, पहिल्या वर्षी एका कालवडीने डॉक्टरांच्या गुडघ्यावर लाथ मारली. यंदा मिस्टरांनी बांबूचा साधा खोडा करून घेतला, वीस जनावरं पाऊण तासात झाली.

एकट्या दुकट्या गाईवाल्याने काय करायचं हे पण विचारतात लोक. डॉक्टर प्रायव्हेट आहेत, एका जनावरासाठी 500 देऊन बोलवणं परवडत नाही हे खरं आहे. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन विचारा, 1962 या टोल फ्री नंबरवर फिरता दवाखाना मिळतो तिथेही विचारा, लस तुम्ही विकत आणली तर टोचून मिळेल का ते बघा. फक्त लस मेडिकलमधून घेताना थर्मास न्या, आत बर्फाच्या पिशव्या, त्याभोवती फडकं, आणि सरळ गोठ्यावर. कॅरीबॅगेत हँडलला लावून आणू नका, पाया पडते.

आणि कुत्रं चावताना दिसलं तर वार्षिक लस झालेली असो नसो, जखम साबणाने पंधरा मिनिटं धुवा, धुताना हातमोजे घाला, शिवून घेऊ नका, डॉक्टरला त्याच दिवशी सांगा. कुत्रं मारून टाकू नका, लांबून दहा दिवस नजर ठेवा, दहा दिवस धडधाकट राहिलं तर चावताना त्याच्या लाळेत रेबीज नव्हता हे कळतं. आणि फक्त ज्याला चावताना बघितलं त्यालाच नाही, सगळ्या जनावरांचे पाय, नाकपुड्या, कास, शेपटीखाली उजेडात तपासा. आम्ही त्या पहाटे दहा मिनिटं जास्त दिली असती तर गौरीच्या पायावरचे ते दोन दात दिसले असते.

यंदाची फेरी मागच्या आठवड्यात झाली. गौरीची वासरी आता कालवड झालीय, आईसारखेच लांब पानासारखे कान, तिला आबांनी कोणाला धरू दिलं नाही, स्वतः कपाळाला कपाळ लावून उभे राहिले आणि डॉक्टरांना बोलले, हां, टोचा आता. मागचा पत्राही पूर्ण लागलाय. एक रेडकू राहिलंय, त्याचे तीन महिने पुढच्या महिन्याच्या 12 तारखेला भरतात, तेव्हा डॉक्टर परत येणार आहेत. ओवळा, कासारवडवली, भाईंदरपाडा, वाघबीळ या पट्ट्यात कोणाची एक दोन गुरं, शेळ्या असतील तर त्याच दिवशी करून घेऊ, येण्याचे 500 सगळ्यांत वाटले जातील. त्यांचा नंबर इथे टाकत नाही, त्यांनीच नको सांगितलंय, एकटा माणूस आहे. ओवळ्यात शिरलात की म्हशींचा गोठा विचारा, कोणीही दाखवेल, संध्याकाळी सहानंतर आम्ही असतो.